मावशी आली की उठणारा माणूस

शमिकाला नवऱ्याचा संशय होता, आणि संशय घेण्यात तिचा हात धरणारं वाडीत कुणी नव्हतं. आंब्याच्या मोसमात ती पॅकिंगच्या शेडमध्ये आंबे निवडायला जायची. हापूस बाहेरून कितीही पिवळाधमक असला तरी आत साका निघू शकतो. म्हणजे गर पांढरट, स्पंजासारखा, बेचव; आणि कापून बघितल्याशिवाय तो कुणालाही कळत नाही. वर्षानुवर्षं असली फळं हाताळलेल्या बाईनं माणसांकडे तरी सरळ नजरेनं का बघावं? गुरुप्रसाद तिला लग्नापासूनच असा बाहेरून चांगला, आतून काहीतरी लपवलेला वाटत आला होता.

आणि तिच्याकडे कारणं नव्हती असं कुणी म्हणू नये. लग्नाच्या प्रत्येक फोटोत हा माणूस खाली मान घालून उभा. मुंबईला एका सोसायटीत वॉचमन होता, तो तिच्या बाळंतपणाला म्हणून घरी आला आणि परत गेलाच नाही. का गेला नाही, तर "सोडली नोकरी." का सोडली, तर गप्प. दिवसा कुठेही झोपायचा. एकदा तर जेवताना हातातला घास हातात ठेवून झोपला. बारशाला त्याच्या बहिणीनं पोरीच्या कानात 'वेदिका' म्हटलं, सगळ्या बाया हसल्या, कुणीतरी म्हणालं, "अरे बापसानं पन घेऊ दे की नाव," आणि हा तोंड उघडून नुसता "वे… वे…" करत राहिला. जीभ अशी जड की शमिकाच्या मामांनी जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला. वास कसलाच नव्हता. पण मामांच्या चेहऱ्यावरचा संशय काही गेला नाही, आणि शमिकाच्या तर तो पोटात जाऊन बसला.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. तो पोरीला उचलायचा नाही.

रडत असली तर घ्यायचा. खांद्यावर टाकून खळ्यातून, घरापुढच्या अंगणातून, येरझाऱ्या घालायचा, अंगाईसुद्धा म्हणायचा. पण वेदू शांत झाली, त्याच्याकडे बघून तिनं बोळकं पसरलं, की झालं. निखारा हातात आल्यासारखा तो तिला शमिकाकडे द्यायचा आणि तोंड फिरवून चालू पडायचा. हसऱ्या पोरीकडे पाठ फिरवणारा बाप शमिकानं जन्मात पाहिला नव्हता. सासू सोनूबाई म्हणायची, "पुरुषमानसाला भीती वाटते गो, पोर हातातून सुटंल म्हनून." शमिका वरून मान हलवायची आणि मनात म्हणायची, रडताना सुटत नाही, हसतानाच बरी सुटते! पोर आपली नाही असं तर याच्या डोक्यात नसेल? हा विचार तिला एकदा चाटून गेला आणि मग जाईनाच.

शिमगा आला. खेळे, म्हणजे देवाच्या नावानं नमनाचा खेळ करणारी मंडळी, वाडीवाडीतून फिरायला लागले. दुपारी एकेका घराच्या खळ्यात उतरायचे, नमन व्हायचं, गण व्हायचा, मग गौळण. मृदंगावर गुरुप्रसाद. त्याचा बाप मृदंग वाजवायचा, आणि तोच हात याच्याकडे आला होता. तो बसला की म्हाताऱ्यांच्या माना आपोआप डोलायच्या. गौळणीत मावशी यायची. मावशी म्हणजे निलेश, गुरुप्रसादचा चुलतभाऊ. नऊवारी नेसून, नाकात नथ घालून, कमरेवर हात ठेवून घरमालकाची अशी काही फिरकी घ्यायचा की बाया पदरात तोंड खुपसायच्या. तर गंमत अशी, की मावशीची पैंजणं वाजली रे वाजली की गुरुप्रसाद मृदंग शेजारच्याच्या पुढ्यात सरकवायचा आणि उठून जायचा. दरवेळी. प्रत्येक घरी. गौळण संपली की परत येऊन बसायचा. पोरं म्हणायची, "गुरूदाची टाकी भरायची वेळ झाली." म्हणजे दारू. सगळ्या वाडीनं धरूनच ठेवलं होतं.

शमिकानं ठरवलं, आज बघायचंच. शेजारच्या घरी खेळे होते. मावशी आत शिरली, हा उठला, आणि ती पोरीला सासूकडे देऊन त्याच्या मागोमाग निघाली. तो दगडी कुंपणाच्या गडग्याला वळसा घालून काजूच्या झाडाखाली गेला. शमिका गडग्याच्या आडून बघत राहिली. आता बाटली निघणार, नाहीतर फोन.

काहीच निघालं नाही. तो झाडाला पाठ लावून खाली बसला, दोन्ही कानांत बोटं घातली, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागला. तिनं कान टवकारले. "शिरगाव, साखरतर, काळबादेवी, आरे, वारे, नेवरे, गणपतीपुळे, मालगुंड." क्षणभर थांबायचा आणि परत, "शिरगाव, साखरतर…" खळ्यातून हशाचा लोट आला की याचा आवाज वाढायचा.

मालगुंड शमिकाचं माहेर. रत्नागिरीहून माहेरी जाणाऱ्या एस्टीचे थांबे हा माणूस जपासारखे म्हणत होता, आणि शेवट दरवेळी मालगुंडला. म्हणजे हिला नि हिच्या पोरीला नेऊन सोडायची वाट पाठ चालली आहे! तिला दुसरा अर्थ सुचलाच नाही. ती तशीच मागे फिरली, घरी आली आणि पोरीचे कपडे पिशवीत भरायला लागली. कुणी नेऊन सोडण्याआधी आपणच जावं. खेळे आपल्या घरी येऊन गेले की निघायचं, कारण देवाच्या कार्यात रडारड नको. तेवढं तिनं मनाशी पक्कं केलं, आणि मग मात्र तिला खूप रडू आलं.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. गुरुप्रसाद पडवीत झोपला होता, फोन उशाशी. पडद्यावर नाव, 'हेतल मॅडम'. शमिकानं हे नाव आधीही पाहिलं होतं. न घेतलेले फोन, पुन्हा पुन्हा. आज तिनं उचलला आणि काही न बोलता नुसता कानाला लावला.

"गुरू? अरे, गेला का नाय डॉक्टरकडे? किती वेळा सांगायचं तुला?"

"मी त्यांची बायको," शमिका म्हणाली. आवाजाला जितकी धार लावता येईल तितकी लावली.

"हां भाभी! बरं झालं तुम्हीच भेटला." बाई तर खुशच झाली. शमिकाला हेही संशयास्पद वाटलं. हेतल त्या मुंबईच्या सोसायटीची सेक्रेटरी होती. गुरुप्रसाद गेटवर झोपायचा म्हणून कमिटीनं त्याला काढला होता, आणि काढताना तिनंही हात वर केला होता. "नंतर मला लागलं ना मनाला. माझा भाऊ मितेश, त्याला पण सेम. रात्री झोपून पण दिवसा झोप. सगळे आळशी बोलायचे. मग डॉक्टरनं विचारलं, हसला की काय होतं? तेव्हा कळलं. गुरूला पण मी एकदा बघितला, क्रिकेटची मॅच जिंकलो तेव्हा. सगळे नाचतायत आणि हा खुर्चीतून असा खाली! लोक बोलले, प्यायला. भाभी, नव्हता प्यायला. त्याला झोपेच्या डॉक्टरला दाखवा."

तिनं मुंबईच्या डॉक्टरचा नंबर देऊ केला. शमिकानं घेतला नाही. हिचा डॉक्टर हिच्याच बाजूनं बोलणार! ती रत्नागिरीला फोन करून मेडिकल दुकानात काम करणाऱ्या मामेभावाकडून चौकशी करून मोकळी झाली: मेंदूचा डॉक्टर कोण, कधी बसतो, आणि मुंबईच्या कुणा हेतलशी त्याचा संबंध आहे का? शेवटच्या प्रश्नावर भाऊ हसला. ती हसली नाही.

गुरुप्रसादला उठवून ती एवढंच म्हणाली, "उद्या रत्नागिरीस जायचा हाय. डॉक्टरकडं. तुमच्या हेतलबाईनं सांगितलानी."

तो घाबरला. तो घाबरला हेही तिनं टिपून ठेवलं.

डॉक्टर बाई होत्या, तरुण, चष्मेवाल्या. वेदूला सोनूबाईकडे ठेवून दोघंच आली होती. शमिका मुद्दाम त्याच्या आणि डॉक्टरांच्या मधल्या खुर्चीवर बसली. "मी बाहेर जानार नाय," तिनं आधीच सांगून टाकलं.

"जाऊ नकाच," डॉक्टर म्हणाल्या. "मला तुम्ही हव्या आहात."

मग झोपेचे प्रश्न झाले. रात्री किती झोप, दिवसा कुठं कुठं डुलकी लागते, झोप लागताना माणसं दिसल्यासारखी होतात का, जाग आल्यावर अंग हलत नाही असं होतं का? तो उत्तरं देत होता. मग डॉक्टरांनी पेन खाली ठेवून विचारलं, "एखादा विनोद ऐकला, खूप हसू आलं, जवळचं कुणी अचानक भेटलं, अशा वेळी गुडघ्यांतली, मानेतली, हातांतली ताकद गेल्यासारखी होते?"

"नाय," गुरुप्रसाद म्हणाला.

शमिकानं डॉक्टरांकडे रोखून बघितलं. झोपेचं दुखणं घेऊन आलो तर ही हसण्याचं विचारते. हेतलनं सांगितलं तेच. नक्की फोन केला असणार.

"नाही?"

"नाय होत."

खरं तर एखाद्या घाईतल्या डॉक्टरनं इथे फुली मारून पुढचा रुग्ण बोलावला असता. बाईंनी तसं केलं नाही. त्या म्हणाल्या, "बरं, मग हे सांगा. शेवटचं मोठ्यानं कधी हसलात?"

गुरुप्रसादनं खाली बघितलं. लग्नाच्या फोटोत बघतो तसंच.

आणि शमिकाचा बांध फुटला. "तो हसतो कुठं! त्याला काय इचारता, मला इचारा. पोर हसली की टाकून देतो माज्या अंगावर. रडली की घेतो, हसली की नको! खेळ्यात मावशी आली की उठतो, गडग्याआड जाऊन बसतो. बारशाला जीभ लुळी. दिवाळीत ह्याचा मित्र मुंबईहून न सांगता आला, तर हातातला चहाचा ताट खाली आनि हा दाराला टेकून गुडघ्यात. मॅच लागली की बाहेर जातो. लग्नात माज्याकडं एकदा बघितलान नाय. मी काय समजायचा? आवडत नाय तर नाय म्हनावा ना सरळ! सोडून द्यायची तर तसा बोला!"

इतके दिवस तिनं एकेक करून जमवलेला सगळा माल तिनं टेबलावर ओतला. गुन्हेगाराला पकडून दिल्याचं समाधान मिळेल असं तिला वाटलं होतं. ते काही मिळालं नाही, कारण डॉक्टर एखादा खजिना सापडावा तशा पुढे सरकून बसल्या होत्या.

"ताट पडलं तेव्हा शुद्धीवर होते?"

"बघत होता ना माज्याकडं. डोळे उघडे."

"हातापायांना झटके? तोंडातून फेस?"

"नाय."

"किती वेळ?"

"सांडलेला च्या पुसला तोवर उठला."

"आणि तुम्हाला सगळं ऐकू येत होतं?" हे त्याला. गुरुप्रसादनं मान वर केली. "सगळा ऐकू येतो," तो हळू म्हणाला. "बोलता येत नाय तेवढा."

"मग मगाशी नाही का म्हणालात?"

"होत नायच आता. मी हसतच नाय, मग होनार कसा?"

मग ते एकेक करून बाहेर आलं. बारावीच्या सुमारास सुरू झालं. कबड्डीत शेवटचा गडी बाद केला आणि आनंदानं ओरडायला गेला तो मैदानातच कोसळला. पोरांनी मस्करी केली. पुढं पुढं कळलं की रागानं फारसं होत नाही, दुःखानं होत नाही, हसू आलं की होतं. आनंदानं पडतो म्हणून सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? म्हणून त्यानं हसणंच बंद केलं. वेदू जन्मली तेव्हा नर्सनं तिला त्याच्या हातात दिली. तिनं डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं आणि त्याचे हात गेले. नर्सनं पोर वरच्यावर झेलली आणि म्हणाली, दारू पिऊन येता दवाखान्यात? शमिका तेव्हा आत होती. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"रडताना मी तिला घेतो," तो म्हणाला, "कारन तेवा हात माजे असतात. ती हसली की माजे ऱ्हात नायत."

शमिकानं डॉक्टरांना विचारलं, "हा खरा असतो का असा काय? का तुमी दोघा मिळून?"

डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, झोपेच्या या आजाराला नार्कोलेप्सी म्हणतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची हसू आलं की अशी ताकद जाते, त्याला कॅटाप्लेक्सी. आज मी शिक्का मारत नाही. एक रात्र आणि एक दिवस झोपेची तपासणी करावी लागेल, ती इथं होत नाही, चिठ्ठी देते. औषधं आहेत, फरक पडतो. "पण तुम्ही आज जे सांगितलंत ते मला कुठल्याही यंत्रानं सांगितलं नसतं. हसण्यानं पडता का, असं विचारलं की अशी माणसं खरंखुरं नाही म्हणतात. तोपर्यंत गाडी नको, आणि आंब्याच्या झाडावर तर अजिबात चढायचं नाही. पोरीला घ्यायचं असेल तर जमिनीवर बसून घ्या, शेजारी कुणीतरी हवं."

स्टँडवर एस्टीची वाट बघताना दोघं बाकावर बसली. शमिका डोक्यातला हिशोब उलटा लावत होती आणि एक गोष्ट मात्र कुठेच बसत नव्हती. शेवटी तिनं विचारलंच. "काजूच्या झाडाखाली काय बडबडत होतात? शिरगाव, साखरतर?"

तो चमकला. "तू आलेलीस?"

"इचारला त्याचा सांगा."

"हसू दाबायला कायतरी रुक्ष लागतो ना डोक्यात. मंग एस्टीचे थांबे म्हनतो."

"मालगुंडाच्याच एस्टीचे बरे!"

"तुला बघायला आलेलो त्याच गाडीनं. तेवाच पाठ झाले." तो पुढ्यातल्या फरशीकडे बघत होता. "नेवऱ्यापर्यंत बरा चालतो. मालगुंड आला की घाईनं परत शिरगावपासून धरायचा. मालगुंडास थांबलो तर तू आठवतेस, मग झाड पन पुरत नाय टेकायला."

शमिकानं त्याच्याकडे संशयानं बघितलं. जुनी सवय, लगेच कशी जाईल? त्याच्या मानेकडे बघितलं. ती हळूहळू छातीवर झुकत होती, जबडा सैल पडला होता, पापण्या लटपटत होत्या. समोरच्या बाकावरची बाई नाक मुरडून पोराला घेऊन लांब जाऊन बसली. शमिकानं त्याचा खांदा धरून ठेवला. असं सोंग कुणालाच आणता येणार नाही, हे तिला पटलं. इतक्या वर्षांत नवऱ्याचा एवढा सरळ कबुलीजबाब तिला मिळाला नव्हता. घरी गेल्यावर तिनं पोरीचे कपडे पिशवीतून काढून परत दोरीवर टाकले. सोनूबाई म्हणाली, "वाळलेले कपडे कशाला घालतेस गो वाळत?"

खेळे त्यांच्या खळ्यात आले ते भर दुपारी. गण झाला. गुरुप्रसादनं मृदंग असा वाजवला की सोनूबाईनं डोळ्यांना पदर लावला. मग पैंजणं वाजली. सवयीनं त्यानं मृदंग शेजाऱ्याकडे सरकवला आणि उठायला गेला, तोच शमिका पुढे आली.

"बसा खाली," ती म्हणाली. "भिंतीला टेकून."

तो बसला. तिनं वेदूला आणून त्याच्या मांडीवर ठेवलं, स्वतः शेजारी बसली आणि एक हात पोरीच्या पाठीमागे धरला. मावशी झालेला निलेश थबकला. हे गिऱ्हाईक त्याला कधीच लाभलं नव्हतं. मग नथ सावरत तो थेट पोरीपुढे येऊन वाकला. "अगं बाई, ही कोन नवी गवळन? दात नाय तोंडात नि निघाली मथुरेच्या बाजारा!"

वेदू आधी नथीकडे बघत राहिली. मग तिनं दोन्ही हात आपटले आणि खदखदून हसली. बापाकडे मान वळवून परत हसली.

गुरुप्रसादनं यावेळी तोंड फिरवलं नाही. त्याचे ओठ फाकले, हसण्याचा एक आवाज निघाला आणि अर्ध्यात तुटला. मान खाली आली, खांदे उतरले, हात पोरीच्या दोन्ही बाजूंनी जमिनीवर निसटले. वेदूला वाटलं हा खेळच आहे; ती आणखी जोरात हसली.

खळ्यात कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, आज देवाच्या कार्यात पन! शेजारची बाई धावली. "पोर घे गो शमिका, पाडील तो. प्यायलाय."

"नाय प्यायला," शमिका सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "हसतोय तो."

आणि तिनं पोर उचलली नाही.